पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा वर्ग कसा घ्यावा

जूनमध्ये फादर सांगतात, "टीचर, यंदा पहिल्या ख्रिस्तप्रसादाची मुलं तुमच्याकडे," आणि नव्या टीचर लगेच पोर्शनचं विचारायला लागतात. धडे किती, प्रार्थना किती पाठ हव्यात, तोंडी परीक्षा कधी. वसईत आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मी बरीच वर्षं हा वर्ग घेते आहे. माझं सांगणं एवढंच की पोर्शन नंतर बघा. ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सेत, आपल्या रविवारच्या उपासनेत, भाकरीच्या रूपात येशूचं शरीर घेणं. ते पहिल्यांदा घेणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून चर्च नेमकं काय मागतं, ते आधी बघा. ते फार थोडं आहे.

कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, कलम ९१३ मध्ये लिहिलंय की मुलाला पुरेसं ज्ञान असावं आणि तयारी काळजीपूर्वक झालेली असावी, म्हणजे ख्रिस्ताचं रहस्य त्याला त्याच्या कुवतीप्रमाणे उमजेल आणि तो श्रद्धेने, भक्तीने प्रभूचं शरीर घेऊ शकेल. मूल मरणाच्या दारात असेल तर अट याहून लहान होते. ही रोजची भाकर नव्हे एवढं त्याला ओळखता आलं आणि आदराने घेता आलं की झालं. 'कुवतीप्रमाणे' हा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, वर्षभर लागेल. फेब्रुवारीत एखादी आई येते आणि म्हणते, "टीचर, ह्याला श्रद्धेची प्रार्थना अजून येत नाही, ह्या वर्षी नको बसवू का?" तिला हे कलम सांगायचं.

पूर्वी बऱ्याच देशांत मुलांना दहा-बारा, कुठे चौदा वर्षांपर्यंत थांबवत. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांनी आदेश काढला की समज यायचं वय साधारण सात मानावं आणि मूल तेवढं झालं की त्याला दूर ठेवू नये. सगळी शिकवण तोंडपाठ हवी हा हट्ट त्यांनी तेव्हाच मोडून काढला. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी तो हट्ट आमच्या वर्गांत दर जूनला परत येतो.

पहिल्या रविवारी मुलांना नाही, आईबाबांना बोलवा. कलम ९१४ प्रमाणे मुलाला तयार करायची जबाबदारी पहिली त्यांची आहे, मग धर्मगुरूंची, आपण मदतनीस. हे हसत, पण स्पष्ट सांगायचं, कारण आठवड्याचे आपले पाऊण तास आणि उरलेला सगळा वेळ घरचा. त्याच दिवशी कागद गोळा करा. मूल दुसऱ्या धर्मग्रामात, मुंबईत किंवा आखातात बाप्तिस्मा झालेलं असेल तर तिथला दाखला मागवायला वेळ लागतो. एप्रिलमध्ये धावपळ नको. एखाद्या मुलाचा बाप्तिस्माच झालेला नसतो. सात वर्षं पूर्ण झालेल्या अशा मुलाची वाट वेगळी असते, त्याला मोठ्या माणसांसारखी तयारी करावी लागते, तेव्हा ते फादरांकडे सोपवा. मुलासमोर त्याची चर्चा नको.

दोन गोष्टी बाजूला घेऊन विचारा. एक, गव्हाचा त्रास आहे का. होस्ट, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती, गव्हाचाच असावा लागतो आणि ग्लुटेन अजिबात नसलेला होस्ट चालत नाही. अगदी कमी असलेला चालतो, आणि तोही सोसत नसेल तर मूल फक्त चषकातून, द्राक्षरसाच्या रूपात घेऊ शकतं. हे आधी कळलं तर फादर सोय करतात. दुसरी, मुलाला शिकण्यात, बोलण्यात अडचण आहे का. असे पालक बहुतेक मागच्या बाकावर गप्प बसतात आणि मनात धरून चाललेले असतात की आपल्या मुलाला नाही म्हणतील. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की मूल वर्गात येणार आहे. जे मूल वेदीकडे बोट दाखवून 'येशू' म्हणतं, त्याची तयारी कलम ९१३ च्या हिशेबाने चांगलीच चालू आहे.

वर्षाची आखणी शाळेच्या कॅलेंडरवर करू नका, उपासनेच्या वर्षावर करा. पावसाळ्यात क्रुसाची खूण, रोजच्या प्रार्थना आणि बाप्तिस्मा. जुलैत पाणी भरलं की निम्मा वर्ग गळतो, म्हणून त्या महिन्यात परत परत घेता येईल असं काहीतरी ठेवावं. ऑक्टोबर रोझरीचा, घराघरांत माळ होते, तेव्हा 'नमो मारिया' आपोआप पाठ होते. त्यासाठी वर्गातला वेळ घालवू नका. आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांपासून, येशूच्या गोष्टी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कुमसार, म्हणजे फादरांजवळ पापांची कबुली; मग ईस्टरच्या आधी पहिला कुमसार होऊन जातो. मग मे महिन्यातल्या सोहळ्यापर्यंत फक्त मिस्सा आणि ख्रिस्तप्रसाद. कुमसार आणि ख्रिस्तप्रसाद एकाच आठवड्यात उरकतात तिथे मुलांच्या डोक्यात दोन्हींचा काला होतो.

पाठांतराबद्दल. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा रस्त्यातून घंटा वाजवत मुलांना गोळा करत आणि धर्मशिक्षण गाण्यात बांधून शिकवत. मुलं ती गाणी घरी आणि शेतात म्हणत. मला अजून यापेक्षा चांगली पद्धत सापडलेली नाही. प्रभूची प्रार्थना चालीवर घ्या, दहा आज्ञा बोटांवर घ्या, टाळ्या वाजवून घ्या. श्रद्धेची प्रार्थना लांब आहे, ती मिस्सेतच म्हणत म्हणत येते. तीन-तीन ओळी आईबरोबर रात्री म्हणायला सांगा. पाठ आली म्हणून चॉकलेट देऊ नका. ज्याला येत नाही तो दोन रविवारांनी पोटात दुखतं म्हणून घरी बसतो.

भाषेचा प्रश्न आता प्रत्येक वर्गात आहे. मूल इंग्रजी शाळेत, घरात आजी आपल्या बोलीत बोलते, मिस्सा मराठीत. मग 'आवर फादर' येतं आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' अडखळतं. मी पालकांना विचारते की रविवारी तुम्ही कोणत्या मिस्सेला जाता. तीच भाषा. मुलाला शेजारच्या बाकावरच्या माणसांबरोबर आवाज मिळवता आला पाहिजे.

गोष्टी निवडताना हात आखडू नका, पण पाल्हाळही नको. पंचवीस मिनिटांनंतर या वयाची मुलं खिडकीबाहेर गेलेली असतात. पाच भाकरी आणि दोन मासे पहिल्यांदा घ्या, योहानच्या सहाव्या अध्यायातली, कारण त्यात डबा एका मुलाचा आहे. पाचूबंदरची, कोळीवाड्यातली पोरं वर्गात असतील तर मासे कुठले होते हे विचारणारच. विचारू द्या. भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबांच्या, हे मात्र तुम्ही सांगा; ते शुभवर्तमानात लिहिलेलं आहे. आणि आपल्या मातीतला संत हवाच. गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईत जन्मले, जपानला गेले, फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं. मुलं वसईच्या किल्ल्यात सहलीला जातात, फोटो काढतात आणि परत येतात. हा माणूस तिथलाच होता हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यांच्यासह मरण पत्करलेल्या सव्वीस जणांत लुई इबाराकी नावाचा बारा वर्षांचा मुलगाही होता. ते सांगितलं की वर्ग शांत होतो. तिथे थांबा, क्रुसावरच्या भाल्यांचं वर्णन करायची गरज नाही.

आता कुमसार. वर्षातला सगळ्यात नाजूक भाग हा आहे, आणि त्याची भीती मुलांना आपणच घालतो. "फादरांना सगळं सांगावं लागेल हं!" असं घरी धमकावलं जातं. पालकांना आधीच बजावा की हे वाक्य वर्षभर बंद.

सुरुवातीला बहुतेक जण उधळ्या मुलाची गोष्ट घेतात. मी जक्कय घेते, येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार. आठ वर्षांच्या मुलाने कुठली इस्टेट उडवलेली नसते, पण झाडावर चढून बघणं त्याला कळतं. शिवाय जक्कय घेतलेलं चौपट परत करतो. कुमसारात हाच भाग मुलांच्या ध्यानात राहत नाही. बहिणीचा रंगपेटीतला निळा रंग उचलला असेल तर 'सॉरी गॉड' म्हणून भागत नाही, रंग परत द्यावा लागतो. हे एकदा पक्कं झालं की बाकीचं सोपं जातं.

मग चूक आणि पाप वेगळं करा. ग्लास हातातून पडला ही चूक. ग्लास मी फोडला आणि मांजराचं नाव सांगितलं, हे पाप. मुलांना उदाहरणं द्यायला लावा. मोबाइलच्या पासवर्डपासून क्रिकेटमधल्या रडीपर्यंत सगळं बाहेर येतं. पण स्वतःची पापं वर्गात मोठ्याने सांगू देऊ नका. कोणी सुरुवात केली की हात वर करून थांबवा: "हे फादरांसाठी ठेव." अंतःकरण तपासायला दहा आज्ञांची यादी जशीच्या तशी देऊ नका. दिली की एखादा मुलगा जाऊन सांगतो, "मी व्यभिचार केला," कारण यादीत ते होतं आणि शब्द भारी वाटला. सहावी आज्ञा या वयात अशी सांगा: नवराबायकोने एकमेकांना दिलेला शब्द पाळायचा, आणि आपण आपल्या व दुसऱ्याच्या शरीराचा मान राखायचा.

तिथेच, त्याच तासाला, हेही सांगायचं. कोणी मोठ्या माणसाने तुला नकोसा स्पर्श केला, तर ते तुझं पाप नाही, कधीच नाही, आणि ते गुपितही ठेवायचं नाही. तो माणूस घरातला असो, शाळेतला किंवा चर्चमधला. कुठलं मूल असं काही बोललं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. आधी घरच्यांशी जमवून बघू, हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ करून घ्या, प्रार्थनांबरोबर. आणि आपणही एकट्या मुलाला बंद खोलीत बसवून शिकवायचं नाही. दार उघडं, दुसरी टीचर जवळ.

गुपिताबद्दल मुलं खोदून खोदून विचारतात. फादर आईला सांगतील का? नाही. पोलिसांना? नाही. बिशपना? नाही. कुमसारात ऐकलेलं फादर कुणालाही, कशासाठीही सांगू शकत नाहीत, कलम ९८३. प्रागच्या योहान नेपोमुकची गोष्ट इथे कामाला येते: राणीने कुमसारात काय सांगितलं ते राजाला सांगायला नकार दिला म्हणून त्याला नदीत बुडवलं, अशी परंपरा आहे, वर्ष १३९३. पण मुलाला हेही कळू दे की गुप्तता फादरांवर आहे, त्याच्यावर नाही. त्याला आईला सांगावंसं वाटलं तर त्याने खुशाल सांगावं.

सराव करून घ्या, खोट्या पापांचा. "दहा वेळा दूध सांडलं" असलं काहीतरी. क्रुसाची खूण, आशीर्वाद मागणं, पापं सांगणं, फादरांचं ऐकणं, पश्चात्तापाची प्रार्थना, क्षमा, आणि बाहेर आल्यावर दिलेलं प्रायश्चित्त लगेच करणं. क्रम विसरला तर फादर सांभाळून घेतात हे दहादा सांगा. पश्चात्तापाची प्रार्थना कार्डावर लिहून हातात दिली तरी चालते. जागा देवळातच, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशी. बाजूच्या वेदीपाशी दोन खुर्च्या ठेवल्या की पुरे. आणि फादरांना शेजारच्या धर्मग्रामातून मदत मागायला आधीच सांगा. चाळीस मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, एकच फादर, म्हणजे तीन तासांवर गेलं. शेवटच्या दहा मुलांच्या वाट्याला बाकावरचा कंटाळाच येतो.

ख्रिस्तप्रसादाचा धडा मी कणकेपासून सुरू करते. गव्हाचं पीठ आणि पाणी, मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. वर्गात मळायची, घरी आईने तव्यावर भाजायची. आमच्या मुलांना तांदळाची भाकरी आणि बेकरीतला पाव जास्त ओळखीचा, म्हणून पावाचा तुकडाही आणते. तो फुगलेला का आणि ही चपटी का? मग मिसरमधून घाईने निघालेल्या लोकांची गोष्ट, पीठ फुगायला वेळच नव्हता. मग शेवटचं भोजन. होस्ट पातळ आणि बेचव का, हा प्रश्न नंतर उरत नाही.

मग मुद्द्याचं. आधी ही भाकर होती, मिस्सेत फादर येशूचे शब्द उच्चारतात, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने ती येशूचं शरीर होते. दिसायला तशीच, चवीला तशीच. कसं होतं, असं मूल विचारील. जादू म्हणू नका, केमिस्ट्री सांगू नका, आणि "मोठा झालास की कळेल" हे तर मुळीच नको, कारण मोठ्यांनाही कळलेलं नसतं. "येशूने सांगितलं म्हणून, आणि तो खोटं बोलत नाही" हे उत्तर आठ वर्षांच्या मुलाला पुरतं. मला स्वतःलाही तेच पुरतं. त्यानंतर वर्ग देवळात न्या. ख्रिस्तप्रसाद ठेवलेल्या पेटीजवळचा लाल दिवा दाखवा, तो का जळतो ते सांगा, उजवा गुडघा टेकवायला शिकवा आणि दोन मिनिटं काही न बोलता बसवा. एक धडा कमी झाला तरी चालेल, पण हे दोन-तीनदा करा.

घेण्याचा सराव साध्या होस्टने करायचा, आणि हा अजून नुसता होस्ट आहे हे प्रत्येक वेळी बोलून दाखवायचं. काही मुलांना चव आवडत नाही, काहींच्या टाळूला चिकटतो आणि ती बोट घालून काढायला जातात. सोहळ्याच्या दिवशी असं होण्यापेक्षा आधी झालेलं बरं. डावा तळहात वर, उजवा त्याच्याखाली. फादर "ख्रिस्ताचे शरीर" म्हणतात, मोठ्याने "आमेन", मग उजव्या हाताने उचलून तिथेच तोंडात. चालत चालत नाही, खिशात तर नाहीच. डाव्या हाताबद्दल आज्या कुरकुरतात, प्रसाद डाव्या हातात कसा घ्यायचा म्हणून. कुरकुर रास्त आहे. उजवा हात उचलायला मोकळा हवा, एवढंच कारण आहे. नाहीतर जिभेवर घ्यावा, तीही जुनीच रीत. फादर द्राक्षरसात बुडवून देणार असतील तर मात्र जिभेवरच, हातात नाही.

उपास एक तासाचा, आणि तो ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या वेळेपासून मागे मोजायचा, मिस्सा सुरू होण्याच्या वेळेपासून नाही. पाणी आणि औषध चालतं. मे महिन्यात मुलांना पाणी पाजाच. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेली मुलं चक्कर येऊन पडतात, आणि त्यात कसलीच जास्तीची भक्ती नाही.

कपड्यांबद्दल माझं मत गावात सगळ्यांना माहीत आहे. मांडव, बँड, केटरर यांत मी पडत नाही, ज्याचा त्याचा खिसा. पण तीन गोष्टींवर अडून बसा. हातमोजे नकोत, कारण मोज्यावर ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही आणि रांगेत ते ओढून काढण्यात मुलीचं सगळं लक्ष जातं. मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या वचनांपुरती, लगेच विझवायची. मुलींच्या डोक्यावरचे जाळीचे व्हेल आणि पेटती मेणबत्ती एका बाकावर नको. आणि व्हिडिओवाल्याची जागा खडूने आखून द्या. तो वेदी आणि मूल यांच्या मध्ये उभा राहिला की मूल कॅमेऱ्याकडे बघून हसतं. सगळ्यांना साधा पांढरा झगा एकसारखा शिवून घेता आला तर उत्तमच, पण त्याची बैठक ऑगस्टमध्ये घ्या. एप्रिलपर्यंत कापड घेऊन झालेलं असतं आणि मग भांडणं होतात.

सोहळ्यानंतरचा रविवार आखणीत लिहून ठेवा. बहुतेक वर्गांत तो नसतोच, आणि मुलं थेट दृढीकरणाच्या, म्हणजे पुढच्या संस्काराच्या, वर्गाला दिसतात. पुढच्या रविवारी सगळ्यांना पुन्हा पुढच्या बाकांवर बोलवा, रोजच्या कपड्यांत. त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घेऊन आल्यावर येशूशी काय बोललास ते विचारू नका. पाच मिनिटं गुडघ्यावर राहू द्या. मिस्सा संपली की वेदीसेवकांच्या यादीत नावं घ्या, जून-जुलैत दुसऱ्या कुमसाराची तारीख फादरांकडून लिहून घ्या आणि ती चिठ्ठी मुलाच्या नाही, आईच्या हातात द्या.